उंबराखालची माती

माझ्या नणंदेला, बकुळेला, आमच्या करी रोडच्या चाळीत फितूर म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नळावर म्हणत, जिन्यात म्हणत. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेलेल्यांनी म्हटलं असतं तर मी ऐकूनही घेतलं असतं. पण मोर्चाच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून ज्यांनी दाराला आतून कडी घातली, तेच यात पुढे. आठवलं की माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो. आणि हे सगळं कशावरून, तर एका किड्यावरून.

तो किडा काय, ती माती कुठली आणि बकुळेनं नक्की केलं काय, हे कुणीतरी सरळ सांगायला हवं. चाळीतलं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मी तिची वहिनी, राधा. तिचे मोठे भाऊ सीताराम माझे यजमान. नाव लिहिते आहे. तोंडानं अजून घेत नाही.

आमचं घर गिरणीवाल्यांचं. सासरे जन्मभर साच्यांवर कापड विणत होते, तेच काम पुढे सीतारामांकडे आलं. शिकली ती एकटी बकुळा. बी.एस्सी. झाली, दादरकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर लागली आणि तिथल्याच एका प्रोफेसरांच्या हाताखाली पुढच्या पदवीचं संशोधन करू लागली. मुळात भारी तापट. तव्यावर पोळी फुगायला लागतो तेवढाही वेळ तिला भडकायला लागत नसे. मला ती आवडे ती त्यामुळेच. आम्ही बरोबरीच्या वयाच्या, आणि मी काही शांतीची मूर्ती नव्हे.

तिचा विषय होता मातीतले माइट. माइट म्हणजे गोचिडीच्या कुळातला जीव. गोचीड रक्त पिते. बकुळेचे हे माइट बिचारे मातीत राहून कुजलेली पानं खातात. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. आठ पाय असल्यामुळे शास्त्राप्रमाणे तो कीटक ठरत नाही, असं ती दहादा सांगे. चाळीनं त्याला किडाच म्हटलं, मीही किडाच म्हणते.

कॉलेजात तिला माती पाखडायला जागा नव्हती. जागा होती, सरांनी दिली नव्हती. मग सीतारामांनी पत्र्याचं काम करणाऱ्याकडून एक मोठं नरसाळं करून आणलं. नरसाळ्यात जाळी, जाळीवर माती, मातीवर लोंबता बल्ब आणि खाली स्पिरिटची बाटली. बल्बच्या उबेनं माती वरून सुकत जाते, तसे आतले जीव ओल शोधत खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. आमच्या एका खोलीच्या संसारात हे नरसाळं मोरीच्या कठड्यावर उभं असे. सासूबाई, कमलाबाई, आंघोळीला जाताना रोज म्हणत, "घरात माती नि मोरयेत दिवो! शिकान शिकान ह्या शिकलंस?"

माती ती चाळीच्या मागच्या आवारातून आणी. त्या आवारात सगळी कोळशाची राख आणि फुटक्या फरश्या. फक्त उंबराच्या बुंध्याशी तेवढी मऊ, तांबूस, भुसभुशीत माती होती. तिथंच खेळून ही मोठी झाली, तेव्हा ती माती तिथं कशी, असा प्रश्न तिला पडण्याचं कारण नव्हतं. चाळीत कुणालाच तो पडला नव्हता.

सत्तावन्न सालच्या श्रावणात त्या मातीतून तिला एक माइट मिळाला. मग आणखी मिळाले. पुस्तकांत कुठं त्याचं वर्णन सापडेना. एका रविवारी ती मला कॉलेजात घेऊन गेली आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवून म्हणाली, "बघ वहिनी. जगात अजून कुणी नीट पाहिलेला नाही."

मला आधी नुसता तपकिरी ठिपका दिसला. मग हळूहळू तो जीव झाला. तिनं त्याला आम्लात ठेवून पारदर्शक केलं होतं, नाहीतर कवच इतकं काळं की आतलं काही दिसत नाही. खोलगट काचेवर तो ठेवला होता आणि मांजराच्या मिशीचा केस काडीला चिकटवून त्या केसानं ती त्याला कुशीवर वळवी, उताणा करी. पुढचा भाग निमुळता, टोपी ओढून घेतल्यासारखा. मागचा भाग म्हणजे एकच गोल, गुळगुळीत कवच. तोंडाशी खेकड्यासारख्या दोन नांग्या, त्यांनी तो पान कुरतडतो.

"डोळे कुठं आहेत?" मी विचारलं.

"नाहीत. मातीच्या आत डोळे कशाला? हे बघ, डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाट्या आहेत. प्रत्येक वाटीतून एक केस निघतो. वारा हलला, जमीन हलली की तो केस हलतो आणि याला कळतं. ह्याच्या भावकीतल्या बाकीच्यांचा हा केस टोकाला सुताच्या चातीसारखा फुगलेला असतो. ह्याचा बघ."

ह्याचा पळीसारखा होता. चपटा, आणि कडेला करवतीचे दाते. मला तो दिसला तेव्हा उगाच हसू आलं. मग तिनं त्याला उताणा केला. पोटाशी एकामागे एक अशी दोन दारं, प्रत्येकाला दोन झडपा.

"पुढचं दार कसलं?"

"पिल्लं व्हायचं. मागचं शी करायचं. हस आता, हसून घे. पण झडपेवरचे केस मोज. दोन्ही झडपांवर सारखे हवेत. मी प्रत्येक माइटचे मोजलेत."

तेवढ्यात तिचे सर आले. गोरे, चष्मेवाले, हातात किल्ल्यांचा जुडगा. माझ्याकडे बघून म्हणाले, "घरची मंडळी वाटतं? बसा. काचेला हात लावू नका हं." आणि बकुळेला बाजूला सारून स्वतः बघायला बसले. तिला उठवताना त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही, नुसता हात हलवला. मी तिच्याकडे बघितलं. ती ओठ चावत होती.

सरांनी मान्य केलं की जीव नवा आहे. मग बकुळेनं त्याचं वर्णन लिहिलं. एवढ्याशा जिवाचं वर्णन म्हणजे काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. पाठीवरचा प्रत्येक केस कुठून निघतो, केवढा आहे, गुळगुळीत की काटेरी. प्रत्येक पायाला नख एक की तीन. पिल्लाला पाय सहाच आणि मोठं होताना दोन वाढतात, ते कसे. सूक्ष्मदर्शकावर आरसा बसवून ती चित्रं काढी, एकाच डोळ्याला किडाही दिसे आणि कागदावरची पेन्सिलही. मग वरून काळी शाई. मान आखडली की घरी येऊन माझ्याकडून तेल चोळून घेई.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा तिनं त्यात मुंबईचं नाव घातलं, लॅटिन वळणावर. का, ते आमच्या घरात कुणालाच विचारावं लागलं नाही. सीतारामांच्या शेजारच्या साच्यांवर दौलत नावाचा कामगार होता, आमच्याच चाळीतला. छप्पन्नच्या जानेवारीत पोलिसांनी गोळ्या घातल्या तेव्हा दौलत रस्त्यात पडला. सीताराम त्याला खेटून उभे होते. ते दिवस असे होते की मुंबई आमची नाही हे वाक्य ऐकलं तरी हात शिवशिवत. बकुळा म्हणाली, "दादा, हा प्राणी आपल्या चाळीच्या मातीतला. जगातल्या प्रत्येक पुस्तकात आता मुंबई लिहिलं जाईल. दौलतसाठी." सीताराम बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

निबंध कलकत्त्याच्या एका शास्त्रीय नियतकालिकाकडे गेला. वर सरांचं नाव, खाली बकुळेचं. छापायला घेऊ, असं उत्तर आलं. आता यात अण्णा आले. अण्णा म्हणजे आमच्या चाळीतले समितीचे पुढारी. माणूस वाईट नव्हता. पण सभेला विषय मिळाला की त्यांना दुसरं काही दिसत नसे. त्यांनी उंबराला फलक ठोकला, "मुंबईच्या मातीचा अस्सल रहिवासी येथे सापडला," आणि सभेत गर्जून सांगितलं, "किडासुद्धा सांगतोय, मुंबई कुणाची!" टाळ्या. बकुळेला हार घातला. तिनं तो लगेच काढला, पण ती खूश होती. मीही टाळ्या वाजवल्या.

मग आलं तुळशीचं लग्न.

आमच्या गॅलरीत प्रत्येक दारापुढे डब्यात तुळस. लग्नाआधी बायका डब्यांतली जुनी माती काढून नवी भरतात. त्या दिवशी बकुळा घरी होती. सासूबाई घमेल्यात तुळशीची माती घेऊन जिना उतरल्या, आणि मागोमाग ही सहज खाली गेली. सासूबाईंनी घमेलं उंबराच्या बुंध्याशी उपडं केलं, हात जोडले आणि वळल्या. बकुळा तिथंच उभी.

"आई, ही माती इथं का टाकलीस?"

"मग खंय टाकू? तुळशीची माती पायदळी येवची नाय, गटारात तर नायच नाय. तुजे आजयेपासून सगळ्यो बायो हयच घालतत."

"पण ही माती कुठली?"

"कुठली म्हणजे? आपल्या धामापूरची, परसातली. दादा गावाक गेलो की पिशयेतून हाडता ना! मुंबैची माती तुळशीक कशी चलात?"

मी वरून गॅलरीतून बघत होते.  बकुळा तडक वर आली आणि दारोदार फिरली. कुणाची माती वेंगुर्ल्याची, कुणाची देवगडची, कुणाची राजापूरची. पन्नास वर्षं आमच्या बायका गावची माती मुंबईला आणत होत्या आणि उंबराखाली ओतत होत्या. त्या उंबराखाली मुंबईची माती चिमूटभरही नव्हती. घरी येऊन तिनं नरसाळ्याला अशी लाथ मारली की पत्रा चेपला. "गाढव आहे मी! ह्या घरात जन्मले, रोज त्या तुळशीला पाणी घातलं, आणि ही माती मुंबईची म्हणून लिहून दिलं!"

रागावणं झालं की मात्र ती कामाला लागे. परळच्या मैदानातून, दादरच्या किनाऱ्याजवळच्या बागेतून, अँटॉप हिलच्या उतारावरून, कुठून कुठून माती आणून चेपलेल्या नरसाळ्यात टाकली. दुसरे माइट पडले, पळीच्या केसाचा एकही नाही. शिमग्याला सीताराम गावी गेले तेव्हा तिनं त्यांना परसातली माती मुद्दाम आणायला सांगितली. त्यांनी आणली, स्वतःच्या हातानं खणून. बल्ब लावला आणि बाटलीत पळीवाले माइट पडले, एक नाही, ढीगभर. सीतारामांनी भिंगातून पाहिले. 

या शास्त्रातला एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्याचं वर्णन आधी छापून येतं, त्यानं ठेवलेलं नाव त्या जिवाला कायमचं चिकटतं. पुढे ते चुकीचं ठरलं तरी बदलत नाही. छापण्याआधी शब्द खोडता येतो. एकदा छापलं की ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. निबंध अजून छापला नव्हता. बकुळेला एवढंच हवं होतं की नाव बदलावं आणि जागा खरी लिहावी: धामापूर.

ती सरांकडे गेली. काय झालं ते घरी येऊन तिनं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. सर म्हणाले, "अहो, जागेची एक ओळ. कोण येणार आहे तुमच्या चाळीत खणायला? नाव छान आहे, सध्याच्या दिवसांत शोभतं आहे. राहू द्या." ती म्हणाली, "खोटं आहे." ते म्हणाले, "कुणाला काय फरक पडतो?" ती म्हणाली, "मला पडतो." तेव्हा ते म्हणाले, "मग तुमचं नाव काढून टाकू. आणि पदवीचं काय करायचं तेही बघू." माइटच्या काचा सगळ्या त्यांच्याच कपाटात कुलपात होत्या. तो किल्ल्यांचा जुडगा मला आठवला. तेव्हाच तो त्यांच्या टाळक्यात घातला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. अजून वाटतं.

चाळीतही बोंब झाली. अण्णा घरी आले. "बकुळा, तू शिकलेली पोरगी. या वेळी तू म्हणणार, हा किडा मुंबईचा नाही? उद्या पेपरात येईल. ते लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. मुंबई आपली आहे ती आपण इथं राबतो म्हणून, अण्णा. किड्याची साक्ष काढायची वेळ आली असेल तर आपलाच खटला कच्चा आहे."

"अगं पण लढा संपू दे! मग काय ते खरंखोटं करत बस."

तिनं सीतारामांकडे पाहिलं. माती आणणारा माणूस समोर बसलेला होता. सीताराम उठले आणि म्हणाले, "दौलतच्या नावानं दिलेलं नाव तू पुसणार? माझ्या अंगावर सांडलंय त्याचं रक्त. तुला कळत नाही ते."

"दौलतला खोटं नाव चालेल असं तुला वाटतं, दादा?"

"माझ्याशी बोलू नकोस," ते म्हणाले. आणि खरंच बोलणं बंद झालं. एका खोलीत राहायचं, एका पातेल्यातलं जेवायचं, आणि "तिला सांग", "त्याला सांग" माझ्यामार्फत. भावंडांचा असा अबोला वाढताना पोळ्या वाढणाऱ्या बाईचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

बकुळेनं कलकत्त्याला स्वतः लिहिलं. सरांना कळलं, आणि पहिले लेखक म्हणून त्यांनी तिचं पत्र बाजूला ठेवायला लावलं. निबंध छापून आला. वर्णन तिचं, चित्रं तिची, पळीसारख्या केसावरचे दातेही तिनंच मोजलेले. नाव मुंबईचं, जागा करी रोड, आणि लेखक एकटे सर. शेवटी आभारात एक ओळ: माती गोळा करण्यास मदत केल्याबद्दल कुमारी बकुळा यांचे. तिची नोकरी सुटली, पदवी राहिली. त्याच निबंधाच्या बळावर सर परदेशी गेले. चाळीत म्हणाले, बरं झालं, नाव तरी राहिलं. एका बाईचं सगळं गेलं आणि लोकांना नाव राहिल्याचं समाधान! थू अशा समाधानावर.

ती परळच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. फितूर हा शब्द तेव्हाचा.  तिनं नरसाळं ठोकून सरळ केलं आणि मातीची पोतडी भरत राहिली. सासूबाई तेवढ्या धीट. नळावर कुणी काही कुजबुजलं की म्हणत, "माज्या गावच्या किड्याक तुमी मुंबैकर केलात, माका इचारलात?"

साठ सालचा एक मे आला. मुंबईसह महाराष्ट्र झाला. खोटं कशाला सांगू, मी रडले. चाळीवर दिव्यांच्या माळा, आवारात मांडव, पेढ्यांची ताटं. संध्याकाळी सभा. अण्णांनी सीतारामांना दौलतबद्दल बोलायला उभं केलं आणि कानात सांगितलं, "किड्याचंही घ्या."

सीताराम व्यासपीठावर उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती. हातात कुणीतरी दिलेला पेढा तसाच होता. म्हणाले, "दौलत माझा साथी. तो मुंबईसाठी मेला. त्याचा अपमान होईल असं मी काही करणार नाही. म्हणून सांगतो. उंबराखालचा तो किडा मुंबईचा नाही. आमच्या धामापूरच्या परसातला आहे. माती मी स्वतः खणून आणली, किडा माझ्या डोळ्यांनी पाहिला. शोधला माझ्या बहिणीनं. ज्यांचं नाव छापलं त्यांनी नाही. बकुळा खरं बोलत होती. आपण तिला फितूर म्हणालो."

 अण्णा खाली बघत होते. कुणीतरी एकानं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या.  मी बकुळेचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

सीताराम खाली उतरून सरळ आमच्यापाशी आले. दोन वर्षांनी तिच्यासमोर उभे राहिले आणि पेढा पुढे केला. "बकुळ, घे."

तिनं पेढा घेतला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, "मुंबई मिळाली म्हणून आता खरं बोललास ना, दादा? नसती मिळाली तर?"

सीतारामांनी पेढा परत ताटात ठेवला. अण्णांनी बँडवाल्यांना खूण केली. बकुळा जिना चढून वर गेली.